आग यादी बघत नाही

कॅलिफोर्नियात डोंगरावर पॅराडाइज नावाचं गाव. पॅराडाइज म्हणजे स्वर्ग! ८ नोव्हेंबर २०१८ ला वीज कंपनीच्या जुनाट लाइनीची ठिणगी पडली नि हा स्वर्ग बहुतेक सगळा राख झाला. ८५ माणसं मेली, त्यात म्हातारीच जास्त. इशारा द्यायची यंत्रणा नव्हती काय? होती की! पण मोबाइलवर इशारा कुणाला? आधी नाव नोंदवलंय त्यालाच. सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजवायची सोयही होती, ती सायबांनी वापरलीच नाही. मग टॉवर जळाले, फोन मुके झाले. म्हणून म्हणतो, आळीआळीत बॅटरीवरचा वायरलेस सेट पाहिजे. नि त्यावर नुसतं ऐकायचं नाही, बोलताही आलं पाहिजे. अंथरुणाला खिळलेली म्हातारी कुठल्या घरात आहे, ते शेजाऱ्यालाच ठाऊक असतं.