माळ्यावरची ट्रंक आणि जुनी पोस्टरं



गणपतीआधी घर झाडायला काढलं की माळ्यावरची ट्रंक खाली येते. मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका काकूंकडे अशीच ट्रंक उघडली. त्यांचे सासरे मुंबईला सिनेमा थिएटरात दारवान होते. त्यांनी जपलेला कागदांचा गठ्ठा काकूंनी भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिला. चादरीखाली राहिली म्हणून दोन पोस्टरं तेवढी वाचली. एकावर घोडेस्वार, मागे लाल डोंगर, अक्षरं इंग्रजी. "ही पण टाकू का?" असं त्यांनी बैठकीत विचारलं. तेव्हापासून आम्ही माहिती काढायला लागलो. तीच आज सांगतो.

घोडे, बंदुका, ओसाड गाव आणि शेरीफ, म्हणजे तिकडचा फौजदार. अशा अमेरिकी सिनेमांना 'वेस्टर्न' म्हणतात. आपल्या 'शोले'वर, तो १९७५ सालचा, याच सिनेमांची छाप आहे. मुंबईत रीगल १९३३ साली उघडलं, मेट्रो आणि इरॉस १९३८ साली. तिथे विलायती सिनेमे लागायचे. आपले चाकरमानी मुंबईत नाना कामं करायचे, काही थिएटरांतही. म्हणून असा कागद कोकणातल्या माळ्यावर सापडला तर नवल नाही.

आता प्रश्न असा, की हा कागद दुर्मीळ का? कारण तो जपण्यासाठी छापलाच नव्हता. आठवडाभर भिंतीवर लावायचा, मग त्यावर दुसरा डकवायचा. अमेरिकेत तर थिएटरांना पोस्टरं भाड्याने मिळायची आणि खेळ उतरला की परत करावी लागायची. त्यातून एकाच सिनेमाचं पोस्टर प्रत्येक देशात वेगळं. इटलीत मोठाली, साधारण १०० बाय १४० सेंटिमीटरची, हाताने चितारलेल्या चित्रांची. पोलंडमध्ये चित्रकार आपल्या मनाने नवंच चित्र काढायचे. म्हणून जमवणारे लोक एकाच सिनेमाची देशोदेशीची पोस्टरं शोधत फिरतात. मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या पोस्टरांची दुकानं आहेत.

पोस्टर म्हणजे नुसती जाहिरात नव्हे, याचं एक उदाहरण ऐका. 'हाय नून' हा १९५२ सालचा वेस्टर्न. त्यात गॅरी कूपर मार्शल आहे, गुंडांसमोर एकटा उभा राहणारा. १९८९ साली पोलंडमध्ये ४ जूनला निवडणूक होती. तोमाश सारनेत्स्की या चित्रकाराने त्याच मार्शलचं पोस्टर केलं. त्याच्या हातात मतपत्रिका दिली आणि छातीवर सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचं नाव लिहिलं. ज्या जागांवर खुली निवडणूक झाली, त्या जवळजवळ सगळ्या त्या संघटनेने जिंकल्या. तो कागद आज त्या देशाचा इतिहास झाला आहे.

आपल्याकडेही हेच आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२४ साली 'कल्याण खजिना' काढला. त्याचं पोस्टर आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांपैकी एक आहे. त्या काळातली बाकीची कितीतरी पोस्टरं गेली, कुणी जपलीच नाहीत म्हणून.

मग घरात असं काही सापडलं तर काय करायचं?

आधी नीट बघा. अमेरिकेत साधारण १९४० ते १९८० च्या दरम्यान छापलेल्या बऱ्याच पोस्टरांच्या खालच्या कडेला आकडा असतो. मध्ये तिरकी रेघ, रेघेच्या आधी साल. ५३ असेल तर १९५३. आधी इंग्रजी 'आर' अक्षर असेल तर तो सिनेमा पुन्हा लावला तेव्हाचं पोस्टर. नेहमीचा आकार सुमारे २७ बाय ४१ इंच. ती घडी घालूनच पाठवायचे, त्यामुळे घडीच्या रेघा दिसल्या तर खराब झालं असं समजू नका. अगदी गुळगुळीत, चकचकीत, घडी नसलेलं असेल तर हल्लीची नक्कल असण्याचा संभव जास्त.

दुसरं, डागडुजी करू नका. इस्त्री नको, चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. चिकटपट्टी पुढे पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते.

तिसरं, ओल. आपल्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कागद स्वच्छ कोऱ्या कागदांत सपाट ठेवा. ट्रंक जमिनीला किंवा भिंतीला टेकवू नका, पाटावर ठेवा. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका. पावसाळा सरला की सावलीत वारा द्या, उन्हात नको, रंग उडतात. वाळवी, कसर लागली नाही ना तेही तेव्हाच बघा.

आणि चौथं, घाईने विकू नका. दारात कुणी नोटा दाखवल्या तरी आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, दोन-तीन ठिकाणी विचारा. पुण्यात १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे सिनेमांबरोबर पोस्टरं, फोटो, गाण्यांच्या पुस्तिकाही जपतात. त्यांना पत्र लिहून विचारता येतं.

काकूंची दोन पोस्टरं आता पाटावरच्या ट्रंकेत आहेत. विकायची की नाही ते त्या ठरवतील. पण त्या म्हणाल्या, "मामंजींनी आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं फाडली. स्वतःसाठी त्यांनी एवढंच आणलं होतं, आणि मी ते किलोवर घातलं."

मैत्रिणींनो, यंदा ट्रंक उघडाल तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकेक कागद उलगडून बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि विचारा, हे कुठून आलं? कागद गेला तर गेला, निदान गोष्ट तरी राहील.