घाशीराम : परमुलखातून पाहताना



शुभकार्याचा आरंभ गणेशवंदनेने करावा, ही आपली प्रथा. ज्या कलाकृतीविषयी आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत, त्या विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकाचा आरंभही नाचत्या गणपतीनेच होतो. पुढे मात्र मंगल असे काही उरत नाही.

हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. १९७६ साली फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या तरुणांच्या ‘युक्त’ या सहकारी संस्थेने त्यावर मराठी चित्रपट काढला. दिग्दर्शनात के. हरिहरन, मणि कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांचा वाटा होता. मोहन आगाशे नाना फडणवीस झाले. परप्रांतीय घाशीराम साकारला तो अंबाल्यात जन्मलेल्या ओम पुरी यांनी.

कथा सर्वज्ञात आहे. कनौजचा एक ब्राह्मण पोट भरण्यासाठी पुण्यात येतो. चोरीचा आळ येऊन तो अपमानित होतो, हाकलला जातो. सूडाच्या भरात तो पोटची पोर नानांच्या हवाली करतो आणि कोतवाली मिळवतो. काम सरताच तेच नाना त्याला जमावाच्या हाती देतात. इतिहासातला घाशीरामही १७९१ साली दगडांनी ठेचला गेला. तथापि आपले नाटक अनैतिहासिक असल्याचे तेंडुलकरांनी बजावले होते.

१९७३ साली इंग्लंडात लिंडसे अँडरसन यांनी ‘ओ लकी मॅन!’ हा असाच वास्तवाची चौकट मोडणारा उपरोधपट काढला. त्यात कॉफी विकणारा एक तरुण प्रतिष्ठेची शिडी चढतो, घसरतो. मधूनमधून गायकांचा ताफा येऊन, आपल्या सूत्रधाराप्रमाणे, भाष्य करतो. तेच नट निरनिराळ्या भूमिकांत पुनःपुन्हा दिसतात. जणू माणसे बदलली तरी वरचा वर्ग तोच राहतो. तो तरुण निदान जिवंत सुटतो. घाशीरामाला ते भाग्य नाही.

दोन्हींकडे शिडी वरच्यांच्या मालकीची. चढणाऱ्याला वाटते, आपण चढलो. वरचा जाणतो, आपण चढू दिले.

द्वारकेत बसून हे पाहताना आम्हांस अस्वस्थ वाटते. येथे आपण परप्रांतीय. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपणही ऐकला आहे. मग पुण्या-मुंबईत कनौजहून येणाऱ्याला आपले आप्त कसे वागवतात? आणि येथे आपल्याच सोसायटीच्या फाटकावर रात्रभर उभा राहणारा बिहारचा पहारेकरी आपल्या लेखी कोण? अपमानाची आठवण माणसाला मृदू करते किंवा कोतवाल करते. निवड आपलीच असते.

महत्त्वाकांक्षा आम्ही त्याज्य मानत नाही. तिच्यावाचून आपण घर सोडून इतके दूर आलोच नसतो. पण घाशीरामाच्या कोतवालीची किंमत त्याच्या मुलीने, गौरीने, मोजली. मुलांना ‘मोठे व्हा’ असा आशीर्वाद देताना त्या मोठेपणाची किंमत कोण मोजणार, हेही सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण स्वतःला विचारू या.