खालाचं घर सातव्या मजल्यावर



माझी खाला मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत राहते, सातव्या मजल्यावर. वय ७२, गुडघे गेलेले. गेल्या वर्षी लिफ्ट पाच महिने बंद होती. तेवढ्या काळात ती तीनदा खाली उतरली, तिन्ही वेळा दवाखान्यासाठी. ईदसुद्धा तिने खिडकीतून बघितली. माझ्या ऑफिसात सर्व्हर दोन मिनिटं बंद पडला तर रात्री तीनला मला फोन येतो.

घर फुकट मिळालं, खरं आहे. राहणं फुकट नाही. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, सफाई मिळून तिला महिन्याला ९०० रुपये मेंटेनन्स येतो. श्रावणबाळ योजनेतून मिळतात १,५००. देखभालीसाठी बिल्डरने रक्कम जमा करायची असते. जुन्या नियमात ती दर घरामागे २०,००० होती. ७ टक्के व्याज धरा. वर्षाला १,४००, महिन्याला ११७ रुपये. त्यात लिफ्ट कशी चालणार? लोकांची थकबाकी वाढली, लिफ्टवाल्याने सर्व्हिस थांबवली. यात कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. हिशेबच मुळात तोकडा आहे.

आता माझी चूक सांगतो. या योजनेच्या ३३(१०) या नियमात लिहिलंय, की अपंग व्यक्ती आणि स्त्री कुटुंबप्रमुख असलेली घरं यांना वाटपात पहिलं प्राधान्य. सोडत त्यानंतर, उरलेल्या घरांसाठी. खाला विधवा, घर तिच्याच नावावर. खालचा मजला तिला सोडतीआधी मागता आला असता. सोडतीच्या दिवशी मी तिच्या शेजारीच बसलो होतो. सातवा मजला निघाला आणि आम्ही पेढे वाटले! नियम मी दोन वर्षांनी वाचला. इंजिनिअर असून.

तुमच्या मोहल्ल्यात पुनर्विकास येत असेल, तर सोडतीआधी घरोघर जाऊन यादी करा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. बाकीच्या म्हाताऱ्या माणसांसाठी सोसायटीच्या सभेत ठराव मांडा.

इमारत उभी राहिली असेल तर गच्ची बघा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट आणि पंपाचं बिल उतरलं, तर खालाचे ९०० थोडे तरी कमी होतील. तो अर्ज मी भरून ठेवलाय. सेक्रेटरीसाहेबांची सही बाकी आहे. ते रविवारीच भेटतात, तेही सकाळी दहाच्या आत.