पऱ्हाटीच्या बोंडातून जग

(केळापूर तालुक्यातील एका लहान कॉलेजात, पालकांच्या सभेपुढे, एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण.)



"आमच्या पोरांस अमेरिका-आफ्रिका शिकवून काय उपयोग? शेवटी पऱ्हाटीतच राबायचे ना?" असे एका पालकाने मला मघाशी विचारले. प्रश्न रास्त आहे. मीही पुष्कळ वर्षे देशांची नि राजधान्यांची नावे मुलांकडून घोकून घेतली. परीक्षा झाली की पोरे ती विसरत. ती नुसती पोपटपंची होती.

पण पऱ्हाटीपासूनच आरंभ केला तर? १८६१ साली अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी युद्ध जुंपले. तिकडे दक्षिणेत कापूस पिकवीत ते आफ्रिकेतून धरून आणलेले लोक व त्यांची लेकरे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली, तेव्हा इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना. त्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली आणि कापसाचा भाव आभाळाला भिडला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळला, मुंबईचे मोठमोठे सावकार व्यापारी बुडाले. चढत्या भावाच्या भरवशावर ज्या कुणब्याने कर्ज काढले असेल त्याचे काय झाले असेल, हे तुम्हांस सांगावयास मास्तर नको.

जोतीराव फुल्यांची नजर सातासमुद्रांपलीकडे पोहोचत होती. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि गुलामांस दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील लोकांस ते अर्पण केले. पुण्याच्या माळ्याच्या मुलाने परक्या मुलखातील दुःख आपल्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशेजारी ठेवून पाहिले. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या साहाय्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे १९४६ साली त्यांनी तिकडच्या काळ्या लोकांचे पुढारी डु बॉइस यांना पत्र लिहिले. आपल्या वऱ्हाडातले पंजाबराव देशमुख विलायतेत शिकून आले ते काही साहेब होऊन बसण्यासाठी नव्हे. त्यांनी बहुजनांच्या पोरांसाठी शाळा-वसतिगृहे काढली.

बरे, ही जुनी गोष्ट म्हणाल, तर आजची घ्या. २००२ साली आपल्याकडे बीटी कापसास परवानगी मिळाली, ते तंत्र अमेरिकन कंपनीचे. २००३ साली आफ्रिकेतील बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे गाऱ्हाणे मांडले, की श्रीमंत देश आपल्या कापूसवाल्यांस अनुदान देतात, त्याने भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. मालीचा शेतकरी मराठी बोलत नाही, पण त्याचे गाऱ्हाणे आपल्या चावडीवरचेच नव्हे काय? हे आपल्या पोरीने इथल्या वर्गात शिकले, तर अडत्याने "बाजार पडला" म्हणताच ती निदान विचारील, कोणता बाजार, कोणी पाडला?

यासाठी परदेशी प्रोफेसर नको नि मोठी इमारतही नको. एक नकाशा, सुतळीचा तुकडा आणि तुमच्या घरच्या कापूसविक्रीच्या जुन्या पट्ट्या पुरेत. ज्यांच्या पेटीत आजा-बापाच्या वेळच्या अशा पट्ट्या असतील, त्यांनी त्या सोमवारी मुलांबरोबर कॉलेजात पाठवाव्या. नक्कल करून परत देऊ. एवढी विनंती करून मी खाली बसतो.