कोरड्या मुलखातील घर आणि त्याचे तीन हप्ते
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



घरांचा प्रश्न निघाला की चर्चा मुंबईची सुरू होते. गिरण्यांच्या जमिनी, झोपडपट्टी पुनर्वसन, मनोऱ्यांच्या सावलीतील चाळी, हे विषय सर्वांच्या परिचयाचे आहेत. जिल्ह्याच्या गावी मात्र जमीन मुबलक व माणसे मोजकी, तेव्हा तेथे घरांचा प्रश्न कसला, असा समज पुरोगामी मंडळींतही रूढ आहे. नगर शहरातून मनमाड रस्त्याने, पुणे रस्त्याने अथवा कल्याण रस्त्याने चार-सहा किलोमीटर बाहेर पडले की हा समज टिकत नाही. जेथे कालपर्यंत ज्वारीचे रान होते तेथे चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले दिसतात आणि रस्त्याच्या तोंडाशी फलक उभा असतो. असे फलक बहुधा तीन आश्वासने देतात: कागदपत्रे स्वच्छ, कर्जाची सोय, पाणी भरपूर. नगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात या तिन्ही गोष्टींची किंमत निरनिराळी भरावी लागते, आणि ज्याच्यापाशी सर्वांत थोडे आहे त्याला ती तिन्ही ठिकाणी इतरांहून अधिक पडते. हे कसे घडते ते तपशिलाने पाहिले पाहिजे.

आरंभ कागदापासून. नगरच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार, तेलुगू पद्मशाली वस्तीतील विडी वळणारी स्त्री, पाथर्डी-जामखेडकडून दुष्काळात उठून आलेला शेतमजूर, यांना घर हवे असते तेव्हा ते सदनिका घेत नाहीत, गुंठा घेतात. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, आणि दोघांनी मिळून अर्धा-अर्धा घेतला तर त्याचाही निम्मा. शेतजमिनीचा इतका लहान तुकडा विकण्यास 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने बंदी घातली. कायद्याचा मूळ हेतू शेती तुकड्यातुकड्यांनी नष्ट होऊ नये हा होता व तो योग्यच होता. परंतु शहराच्या वेशीवर शेती राहिलीच नाही, तुकडे मात्र पडत राहिले. परिणाम एवढाच झाला की विक्री थांबली नाही, विक्रीचा कागद कच्चा राहिला. कोणाचा व्यवहार मुद्रांक कागदावरील साठेखतावर अडकला, कोणाचा कुलमुखत्यारपत्रावर, तर कोणाचे नाव दहा-वीस अनोळखी माणसांबरोबर सामाईक उताऱ्यावर लागले.

शासनाने 2001 मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला. त्यात 1 जानेवारी 2001 पूर्वीची बांधकामे घेतली होती. 2021 मध्ये ही मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे आणली गेली, आणि 2025 मध्ये तुकडेबंदीतही सूट देण्यात आली. दर वीस वर्षांनी क्षमा करावयाची आणि मधल्या काळात कायदेशीर स्वस्त घर कोणी बांधावयाचे नाही, अशी ही पद्धत आहे. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोठ्या शहरांतील अतिरिक्त जमीन गरिबांच्या घरांसाठी काढून घेण्याचा विचार तरी केला होता. त्याची अंमलबजावणी सवलतींनी पोखरली गेली, आणि 2007 मध्ये महाराष्ट्राने तो कायदाच गुंडाळला. नियमितीकरण म्हणजे त्याची जागा घेणारे धोरण म्हणता येणार नाही.

कच्च्या कागदाचा खरा दंड कर्जाच्या वेळी बसतो. राष्ट्रीयीकृत बँक जमीन तारण घेते, तेव्हा तिला स्वच्छ उतारा, बिगरशेतीचा आदेश व मंजूर नकाशा लागतो, शिवाय कर्जदाराचे पगारपत्रक. प्राध्यापक, तलाठी, बँकेतील कारकून यांच्याजवळ हे सर्व असते. विडी कामगार स्त्रीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि कंत्राटी कामगाराचे कंत्राट वर्षा-सहा महिन्यांनी बदलते, तेव्हा त्यांच्यासाठी पतसंस्था, खाजगी वित्त कंपनी, बचत गटाच्या नावाने येणारी मायक्रोफायनान्स कंपनी आणि शेवटी सावकार, ही उतरंड आहे. या उतरंडीत प्रत्येक पायरीला व्याज चढते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. 5 लाख रुपये 10 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे 6,200 रुपये पडतो. तीच रक्कम, तीच मुदत, पण व्याज 14 टक्के धरले तर हप्ता सुमारे 7,760 होतो. दहा वर्षांत फरक 1 लाख 88 हजारांच्या घरात जातो. हा दंड कोणत्या गुन्ह्याबद्दल? उतारा सामाईक असल्याबद्दल आणि पगाराची पावती नसल्याबद्दल. घर तेवढेच, किंबहुना लहानच.

मध्यमवर्गीयाचेही फार सुखाचे चालले आहे असे नाही. 15 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांकरिता घेतले तर हप्ता सुमारे 13,017 रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील 10,625 रुपये निव्वळ व्याजाचे असतात. पाच वर्षांत कर्जदार सुमारे 7 लाख 81 हजार भरतो आणि मुद्दल फिटते अवघे पावणेदोन-एक लाख. हे गणित बेकायदेशीर नाही, गुप्तही नाही. परंतु साठेखतावर सही करण्यापूर्वी ते किती जणांनी कागदावर मांडून पाहिलेले असते?

त्यातही दुष्काळी मुलखाची एक अडचण आहे, जी मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञांच्या ध्यानात सहसा येत नाही. हप्ता दरमहा असतो, येथील उत्पन्न हंगामी असते. नगर जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात धो-धो पाऊस कोसळतो, पण खुद्द नगर, पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा सारा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. नगर शहरात वर्षाला जेमतेम साडेपाचशे ते सहाशे मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तोही न पडण्याची वर्षे थोडी नाहीत. 1972 तर सर्वांच्या स्मरणात आहेच, पुढे 2012-13, 2015-16 आणि 2018-19 ही वर्षेही तशीच गेली. अशा वर्षी शेतकऱ्याचा हात आखडतो, मग बाजारपेठ थंडावते, बांधकाम थांबते, हमाल, गवंडी, रिक्षावाला सर्वांचीच कमाई घटते. वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत असा प्रसंग दोन-चारदा येणारच. असे असता दुष्काळी वर्षात हप्ता पुढे ढकलण्याची सोय पीककर्जाच्या पुनर्गठनात मिळते, पण गवंड्याच्या घरकर्जात मिळत नाही.

येथे सहकाराचा विषय टाळता येणार नाही, कारण हा जिल्हा सहकाराची काशी म्हणवतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून 1950 साली प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला आणि देशाने त्याचा कित्ता गिरवला. उसासाठी जी बुद्धी चालली ती घरांसाठी का चालली नाही? सहकारी गृहनिर्माण संस्था झाल्या, पण त्या बहुतांशी नोकरदारांच्या झाल्या. नागरी बँका आणि पतसंस्था गल्लोगल्ली निघाल्या आणि घरासाठी पैसा जमवणाऱ्या सामान्य माणसाने आपली पुंजी त्यांतच ठेवली. 1910 पासून चालत आलेल्या नगर अर्बन बँकेवर डिसेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, ठेवीदाराला 10,000 रुपयांपलीकडे रक्कम काढता येईना, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. ठेव विम्याचे संरक्षण 5 लाखांपर्यंतचे आहे. मुलीच्या लग्नाआधी दोन खोल्या बांधू म्हणून निवृत्तीची रक्कम ठेवणाऱ्या माणसाला पाच लाखांवरची रक्कम अवसायकाच्या दारात शोधावी लागते. सहकाराची निंदा करणाऱ्यांना हे निमित्त पुरेसे वाटते. परंतु सभासद वार्षिक सभेला केवळ चहासाठी जातो तेव्हा सहकाराचे काय होते, हा प्रश्न चळवळीनेही स्वतःला विचारला पाहिजे.

शासनाच्या मदतीविषयी थोडक्यात. पंतप्रधान आवास योजना 2015 मध्ये शहरांसाठी सुरू झाली. तिच्यातील व्याज अनुदान कमाल 2 लाख 67 हजारांपर्यंत होते, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेले होते. ज्याला बँक दारात उभी करीत नाही त्याला अनुदानही नाही. अल्प उत्पन्न गटासाठीची ही सोय मार्च 2022 मध्ये संपली. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला सुमारे अडीच लाखांचे साहाय्य मिळते, पण जागा स्वतःची असल्याचा कागद हवा. पुन्हा तोच उतारा! स्थावर संपदा कायदा 2016 चा. त्यानुसार करार नोंदविल्याखेरीज किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक इसार घेता येत नाही, ही तरतूद प्रत्येक कार्यकर्त्याने मुखोद्गत करावी. मात्र 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील अथवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना या कायद्याखाली नोंदणीच लागत नाही, आणि नगरसारख्या शहरातील गरिबांची घरे नेमकी अशा लहान बांधकामांतच असतात.

आता पाणी. निजामशाहीत 1490 साली हे शहर वसले, आणि त्या राज्यकर्त्यांनी कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांतून खापरी नळांनी शहरात पाणी खेळविले. सरंजामशाहीच्या गुणगानाचे येथे कारण नाही, महालांना पाणी आधी मिळाले हे उघड आहे. पण पाण्याची तजवीज केल्याखेरीज या माळावर वस्ती टिकणार नाही, हे पाचशे वर्षांपूर्वी कळत होते. आज शहराची तहान राहुरी तालुक्यातील मुळा धरणावर आहे. 26 टीएमसीचे हे धरण शेती, साखर कारखाने, औद्योगिक वसाहत आणि खालचे जायकवाडी या सर्वांच्या मागण्यांच्या ओढाताणीत आहे. तेथून पाणी उपसून विळदमार्गे वसंत टेकडीवर चढवावे लागते. वीज गेली, वाहिनी फुटली की शहर कोरडे पडते. शहराच्या मोठ्या भागात नळाला रोज पाणी हे गृहीत धरता येत नाही. मग हद्दीबाहेरच्या प्लॉटची काय कथा!

शहरी पाणीपुरवठ्याचा शासकीय निकष माणशी रोज 135 लिटरचा आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला सुमारे वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. नळ नसलेल्या वसाहतीत हा खर्च घराच्या हप्त्याखेरीज होतो आणि तो वीस वर्षांनीही फिटत नाही. कूपनलिकेचा मार्ग आहे, पण खाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या भेगांत असेल तेवढेच पाणी. एकाने तीनशे फूट नेली की शेजारी चारशे नेतो आणि ज्याला तेवढी ऐपत नाही तो घागर घेऊन दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. घागर घेऊन उभी राहते ती बहुधा घरातील स्त्री, हेही नोंदले पाहिजे. कर्जाच्या कोणत्याही तक्त्यात तिच्या तासांचा रकाना नसतो.

येथे पक्षातीलच एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. कामगाराला घराचा मालक करणे हे मुळात समाजवादी कार्य आहे काय? एंगल्सने 1872 मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना असे बजावले होते की स्वतःचे झोपडे कामगाराला एका जागी जखडते आणि कमी मजुरी पत्करण्यास भाग पाडते. हा आक्षेप जुना म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. हप्ता डोक्यावर असलेला कंत्राटी कामगार संपात उतरण्यापूर्वी दहादा विचार करतो, हे युनियनचे काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणूनच माफक भाड्याची सार्वजनिक घरे ही मागणी मालकीच्या घराइतकीच महत्त्वाची आहे, आणि ती चळवळीने जवळजवळ सोडून दिली ही गंभीर चूक आहे. परंतु भाड्याची घरे नाहीत तोवर मालकीचेही मागू नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

शेजारच्या सोलापूरने काय केले ते पाहावे. तोही दुष्काळी जिल्हा. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रिया संघटित झाल्या आणि कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत 2006 मध्ये उभी राहिली. केंद्र, राज्य व कामगार अशा तिघांच्या वाट्यातून ती झाली. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर मंजूर झाले व त्यांतील पंधरा हजार घरे जानेवारी 2024 मध्ये देण्यात आली. पक्षापक्षांतील मतभेद बाजूस ठेवून हे मान्य केले पाहिजे की एकट्या विडी कामगार स्त्रीला जी बँक ओळखत नव्हती तिला संघटनेच्या बळावर हजारोंच्या संख्येत ओळखावे लागले. अर्थात सोलापूर शहरालाच उजनीच्या पाण्यासाठी कित्येक दिवसांच्या अंतराने ताटकळावे लागत आले आहे. घरे संघर्षातून मिळतात, पाणी मात्र त्याबरोबर आपोआप येत नाही.

त्याचे उत्तर नगर तालुक्यातच आहे. हिवरे बाजारात पावसाळा सरला की गावाला किती पाणी मिळाले याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. आधी पिण्याचे पाणी राखून ठेवतात, उरलेल्यावर कोणते पीक घ्यावयाचे ते ठरते. जमीन बाहेरच्याला विकावयाची नाही हाही तेथील नियम आहे. शहराला हा दुसरा नियम लागू करता येणार नाही. पहिला मात्र लागू करता येतो. नव्या वसाहतीच्या नकाशाला मंजुरी देताना तेथे नळाचे पाणी कोठून, किती व कोणत्या वर्षापासून येणार, याचा ताळेबंद महापालिकेने जाहीर करावा. ज्या गुंठेवारी वस्त्यांकडून नियमितीकरणाचे शुल्क वसूल होते, त्यांना ते शुल्क कोणत्या जलवाहिनीवर खर्च झाले ते कळावे. हिवरे बाजारचा हिशेब ऑक्टोबरच्या सुमारास होतो. शहर शाखेने प्रभागवार वस्त्यांची यादी, प्रत्येक वस्तीतील उताऱ्याची स्थिती, कर्जाचा दर आणि टँकरचा मासिक खर्च अशी नोंद तोपर्यंत पुरी करून त्याच महिन्यात ती महापालिकेपुढे ठेवावी.