वार, नाळ आणि शरीराची आठवण



भाषेच्या व्यासपीठावर बाळंतपणे करणाऱ्या डॉक्टरणीला बोलावलेत, त्याबद्दल प्रथम आभार मानते. मी याच शहरात वाढले. विवेकवर्धिनीत मराठीतून शिकले, पुढे वैद्यक इंग्रजीतून शिकले आणि नंतरची पस्तीस वर्षे मराठी, तेलुगू आणि दखनी अशा तीन भाषांत बायकांच्या कळा ऐकल्या. आजचा माझा विषय आहे आईची रोगप्रतिकारशक्ती आणि वार यांचे नाते. विषय शरीराचा असला तरी या नात्याबद्दल बोलताना आपण कोणते शब्द वापरतो, यावर एखाद्या बाईचे उरलेले आयुष्य अवलंबून असू शकते. म्हणून तो इथे मांडावासा वाटला.

आधी 'वार' या शब्दाबद्दल. पाठ्यपुस्तकात 'अपरा' असा शब्द असतो. डॉक्टर 'प्लासेंटा' म्हणतात. पण आपल्या घरात, सुईणीच्या तोंडी, शब्द होता 'वार'. बाळ झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असे, "वार पडली का?" गोठ्यात गाय व्याली की जार पडेपर्यंत घरधनी जागा राहत असे. नाळेला आपल्या साहित्यात मोठा मान मिळाला. गावाशी नाळ, मातीशी नाळ, परंपरेशी नाळ. वारेला मात्र आपण परसात खड्डा खणून पुरले आणि विसरलो. वास्तविक नाळ ही नुसती दोरी. तिच्या टोकाला असलेली, दिवस भरल्यावर साधारण अर्धा किलो भरणारी ती वार नऊ महिने बाळाचे फुप्फुस असते, मूत्रपिंड असते आणि आतडेही असते. तिचा बराचसा भाग आईचा नसतो, बाळाचा असतो. म्हणजे तिच्यात निम्मा वारसा बापाचा असतो. आजची सगळी गोष्ट या एका वाक्यातून निघते.

आता घरातली हकिकत सांगते. माझी थोरली मावशी नांदेडजवळच्या एका गावात दिली होती. तिचा पहिला मुलगा धडधाकट. त्यानंतरचे मूल जन्मले ते पिवळे पडत गेले आणि चौथ्या दिवशी गेले. त्याच्यामागचे पोटातच गेले. त्याच्यामागचे अंगावर सूज घेऊन आले आणि रडलेही नाही. पुढे तिने मूल होऊ दिले नाही. सासरी तिला कोणी मारले नाही, टाकलेही नाही. पण बारशाला तिला पुढे बोलवत नसत आणि ओटी भरताना तिचा हात लागू देत नसत. "हिचं पोट फळ धरत नाही," हे वाक्य मी लहानपणी स्वयंपाकघरात ऐकले आहे. नवस झाले, उपास झाले, गंडेदोरे झाले. मावसोबांचे रक्त तपासावे, असे मात्र कोणाला सुचले नाही.

1977 साली एका शस्त्रक्रियेसाठी मावशीला हैदराबादला आणले. मी तेव्हा वैद्यकाची विद्यार्थिनी होते. तिचा रक्तगट आला आरएच निगेटिव्ह. मावसोबांचा पॉझिटिव्ह. मी पुस्तक नुकतेच वाचलेले. पंधरा वर्षांचे कोडे मला एका क्षणात सुटले आणि त्या आनंदात मी तिच्या खाटेवर बसून सांगून टाकले, "मावशी, तुझ्या शरीरानं बाळांना परकं मानलं आणि त्यांच्यावर हल्ला केला." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे सासूबाई म्हणायच्या ते खरंच होतं तर."

श्रोतेहो, माझे विज्ञान चूक नव्हते. वाक्य चूक होते. ते का चूक होते हे समजायला मला पुढची बरीच वर्षे लागली.

आरएचचे गणित सोपे आहे. काही लोकांच्या तांबड्या पेशींवर आरएच नावाची एक खूण असते, काहींच्या नसते. आपल्या देशात शंभरात साधारण पाच जणांकडे ती नसते. आईकडे खूण नाही आणि बाळाने ती बापाकडून घेतली, तरी पहिल्या खेपेला सहसा काही बिघडत नाही, कारण दोघांची रक्ते वारेत शेजारून वाहतात, मिसळत नाहीत. बाळंतपणात वार सुटताना मात्र बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात उतरते. आईचे शरीर ती अनोळखी खूण पाहते, तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती खूण लक्षात ठेवते. पुढच्या खेपेला ही प्रतिपिंडे वार ओलांडून बाळाकडे जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणून मावशीचा पहिला वाचला आणि नंतरची गेली. शिवाय प्रत्येक खेपेला आठवण अधिक पक्की होत जाते.

यावर उपाय निघाला तोही आठवणीवरचाच. 1968 पासून अँटी-डी नावाचे इंजेक्शन वापरात आले. बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत ते दिले, की आईच्या रक्तात उतरलेल्या बाळाच्या पेशी तिच्या शरीराने नीट पाहण्याआधीच नाहीशा होतात. आठवण बनतच नाही. गर्भपातानंतरही ते द्यावे लागते आणि हल्ली सातव्या महिन्याच्या सुमारासही देतात. एकदा आठवण बनली, की मग मात्र या इंजेक्शनचा उपयोग नाही. मावशीची बाळंतपणे त्याआधीच आटोपली होती.

आता प्रश्न असा की, ही प्रतिपिंडे वारेतून पलीकडे जातातच कशी? त्यांना अडवणारे कोणी नाही का? इथे वारेचे खरे रूप दिसते. ती या प्रतिपिंडांना नुसती वाट देत नाही, हाताला धरून पलीकडे नेते. दिवस भरेपर्यंत बाळाच्या रक्तात या जातीची प्रतिपिंडे आईइतकी किंवा तिच्याहून थोडी जास्तच असतात. आईला कधी काळी गोवर झाला असेल, तर त्याची आठवण बाळाला शिदोरी म्हणून मिळते. ही शिदोरी हळूहळू संपते, म्हणून आपण गोवराची लस नवव्या महिन्यात देतो. जुन्या काळी पाचवी-सटवीच्या सुमारास बाळाचे तोंड मिटायचे, ते दूध ओढेनासे व्हायचे आणि सटवाईच्या कोपावर बोळवण व्हायची. तो धनुर्वात असे. गरोदर बाईच्या दंडात दिलेली लस वारेतूनच बाळाचे रक्षण करते. ही लस आणि दवाखान्यातली स्वच्छ बाळंतपणे यांच्या बळावर 2015 साली बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचे देशातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. मावशीची बाळे ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने असंख्य बाळे वाचली आहेत. वाट एकच, तिच्यावरून काय जाते त्यावर सगळे ठरते.

या शहरात हे बोलताना आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथून फार लांब नाही, बेगमपेठेत, एका बैठ्या इमारतीत 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेल्या डासाचे जठर उघडले आणि त्यात हिवतापाच्या जंतूची खूण पाहिली. डास आणि हिवताप यांचा संबंध सिकंदराबादेत असा उजेडात आला. पण हिवताप गरोदर बाईला, विशेषतः पहिलटकरणीला, इतका का छळतो, हे कोडे त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे राहिले. आफ्रिकेत जिथे हिवताप बारमाही आहे, तिथल्या बायका लहानपणापासून ताप सोसून सोसून कणखर झालेल्या असतात. तरी पहिल्या गरोदरपणात त्या पुन्हा आजारी पडतात, रक्त कमी होते, बाळ हलके जन्मते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्रास कमी होत जातो. मावशीच्या बरोबर उलट.

1996 साली मिखाल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांनी केनियातल्या बायकांच्या वारा तपासून याचे उत्तर शोधले. फाल्सिपेरम जातीच्या जंतूने पछाडलेल्या तांबड्या पेशी वारेतल्या एका विशिष्ट पदार्थाला चिकटून बसतात. वार नसते तेव्हा अशा पेशींना अंगात ही जागाच मिळत नाही, त्यामुळे बाईच्या शरीराने त्या रूपातला जंतू कधी पाहिलेला नसतो. पहिल्या गरोदरपणात तो पहिल्यांदा भेटतो. त्याची आठवण बनते आणि ती पुढच्या बाळांना सांभाळते. म्हणजे शरीराची तीच स्मरणशक्ती एकीकडे पहिल्याला वाचवून पुढच्यांना नेते, आणि दुसरीकडे पहिल्यावर बेतून पुढच्यांना वाचवते. आपल्याकडे हिवताप आफ्रिकेइतका बारमाही नाही, त्यामुळे अशी आठवण नीट बनत नाही आणि कोणत्याही खेपेला धोका राहतो. आपल्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गरोदर बाईला थंडी वाजून ताप आला, तर "बाळंतपणाची उष्णता" म्हणून घरी बसू नये, लगेच रक्त तपासावे, ते यासाठी.

आता मूळ प्रश्नाकडे येते. दुसऱ्याची कातडी आपल्या अंगावर लावली, तर ती थोड्याच दिवसांत गळून पडते. मग निम्मी बापाची असलेली वार आईच्या पोटात नऊ महिने कशी टिकते? हा प्रश्न 1953 साली पीटर मेडावार यांनी मांडला. त्यांनी तीन शक्यता सुचवल्या. एक तर दोघांमध्ये भिंत असावी, किंवा बाळ इतके कोवळे असावे की ते ओळखूच येत नाही, किंवा आईची प्रतिकारशक्ती सुस्तावत असावी. प्रश्न इतका नेमका होता की उत्तरे अपुरी ठरली तरी तो आजही शिकवला जातो.

भिंत पक्की नाही. बाळाच्या काही पेशी आईच्या अंगात कित्येक दशके सापडतात. आणि आईची शक्ती सुस्त तर मुळीच नाही. पहिल्या तिमाहीत वार जिथे रुजते, तिथे आईच्या संरक्षक पेशींची गर्दी असते आणि त्यांतल्या बहुतेक एकाच जातीच्या असतात. त्यांचे इंग्रजी नाव 'नॅचरल किलर', मराठीत 'नैसर्गिक मारक पेशी'. नाव ऐकून वाटेल, आता बाळाचे कठीण. पण इथे त्या मारण्याचे काम करत नाहीत. वारेच्या पेशी आपली ओळख अगदी मोजक्या खुणांनी दाखवतात. त्या खुणा वाचून या मारक पेशी, आईच्या गर्भाशयातल्या अरुंद, नागमोडी रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात. शेतात पाट रुंद केल्यावर पाणी जसे भरून वाहते, तसे रक्त मग वारेत भरून येते. हे काम अपुरे राहिले, तर वार उपाशी राहते, बाळ वाढत नाही, आईचा रक्तदाब चढतो आणि प्रसंगी आकडी येते. हा आजारही पहिलटकरणींत अधिक दिसतो. म्हणजे आईची प्रतिकारशक्ती झोपल्यामुळे बाळ टिकते असे नाही. ती जागी राहून राबते, तेव्हा टिकते.

आता माझ्या चुकलेल्या वाक्याकडे वळते. 'प्रतिकार', 'हल्ला', 'मारक', 'परके' हे सगळे युद्धाचे शब्द आहेत. देवी-पटकीच्या साथींत ते कामी आले असतील, पण बाळंतिणीच्या खाटेपाशी ते बाईलाच शत्रूच्या जागी बसवतात. या शक्तीचे निम्मे काम ओळखणे, लक्षात ठेवणे, वाढवणे आणि वाटून देणे हे आहे. मी मावशीला म्हणायला हवे होते, "मावशी, तुझ्या शरीराची आठवण पक्की होती. त्याच आठवणीनं तुझ्या पहिल्याला लहानपणी आजारांतून सांभाळलं. तुमच्या दोघांच्या रक्तगटांची जोडी जमली नाही. आणि त्या वेळी त्यावर औषध निघालेलं नव्हतं." यातला एकही शब्द खोटा नाही. तिच्या हयातीत मला तो सुचला नाही.

त्यानंतर मी प्रत्येक आरएच निगेटिव्ह बाईला नवऱ्यासमोर, आणि शक्यतो सासूसमोर, ही गोष्ट सांगत आले. वार हा शब्द वापरला की सासू पुढे सरकून बसते. अपरा म्हटले की ती पदर सावरून डॉक्टरचे बोलणे संपण्याची वाट पाहते.

अकादमीकडे माझी मागणी छोटी आहे. गरोदर बायकांसाठी मराठीत जी पत्रके निघतात, ती एकदा भाषेच्या माणसांनी वाचावीत. वार, नाळ, पहिलटकरीण, हिवताप, धनुर्वात हे शब्द आपल्याकडे तयार आहेत. ते वापरावेत. आणि ज्या वाक्यात आईचे शरीर बाळाचा वैरी ठरते, ते वाक्य खोडून नव्याने लिहावे.

आणि आपण सर्वांनी घरी गेल्यावर एक करावे. घरात कोणी गरोदर असेल, तर तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, दोघांचाही रक्तगट विचारावा. नुसता तिचा विचारून भागत नाही.



(हैदराबाद येथे मराठी भाषकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)