बैलाचे दात पाहता, मग कोर्सचेही पाहा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मेळावा कापूस-ज्वारीच्या भावाचा आणि आम्ही बोलणार संगणकावर यंत्राचे भाग आखायच्या शिक्षणावर, म्हणजे हे काय नवीन, असे तुम्हाला वाटेल. पण तालुक्याच्या एस. टी. स्टँडबाहेर पाट्या पाहा. 'कॅड-कॅम शिका, नोकरी मिळवा.' दहावी-बारावी झालेले पोर ती पाटी वाचते, घरी येऊन फीचा आकडा सांगते आणि त्या वर्षीच्या कापसाचे पैसे त्या पाटीखाली जातात. पैसा आपल्या घामाचा आहे, म्हणून विषयही आपलाच आहे.

आधी हिशेब करू. समजा फी ६० हजार रुपये आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ७,७१० रुपये ठरली. ती पुरती हातात पडली असे धरले तरी ६० हजारांसाठी पावणेआठ क्विंटल कापूस घालावा लागतो. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल आला तर आपण साल बरे म्हणतो. म्हणजे दीड-दोन एकरांचे सगळे पीक गेले, आणि त्यात बियाणे, खत, फवारणी, वेचणी यांचा खर्च अजून वजा केलेलाच नाही. एवढ्या पैशात बैल घ्यायचा असता तर आपण चार बाजार फिरलो असतो, दात मोजले असते, चालवून पाहिला असता. कोर्स मात्र आपण पाटी वाचून घेतो.

म्हणून हे शिक्षण आहे तरी काय, ते समजून घेऊ. पेरणी यंत्रातली बियाण्याची चकती सगळ्यांनी पाहिली आहे. चाक फिरते तशी चकती फिरते आणि एकेका खाचेतून दाणा खाली पडतो. चाकाचा घेर १२० सेंटिमीटर असेल, चाकाच्या एका फेऱ्यात चकतीचाही एक फेरा होत असेल आणि ज्वारीचे दाणे १५ सेंटिमीटरवर पडायला हवे असतील, तर चकतीला आठ खाचा लागतात. शेजाऱ्याला १२ सेंटिमीटरवर हवे असतील तर दहा. कापूस ३० सेंटिमीटरवर लावायचा तर चार, आणि सरकी मोठी म्हणून खाचही मोठी. ही चकती मापासकट संगणकावर काढणे म्हणजे कॅड. आठाच्या जागी दहा लिहिले की चित्र आपोआप बदलते, नवा कागद घ्यावा लागत नाही. त्या चित्रावरून कटरने कोठून सुरुवात करायची, किती खोल जायचे, कोठे वळायचे याची आज्ञावली तयार करणे म्हणजे कॅम. आणि ती आज्ञावली वाचून धातू किंवा प्लॅस्टिक कापणारे यंत्र म्हणजे सीएनसी.

या आज्ञा काही मंत्र नव्हेत. 'जी ००' म्हणजे न कापता वेगाने त्या जागी जा. 'जी ०१' म्हणजे सरळ रेषेत कापत जा. 'जी ०२' आणि 'जी ०३' म्हणजे गोलाईत कापत जा, एक घड्याळाच्या दिशेने, दुसरी उलट. दहावी झालेल्या पोराला हे चार दिवसांत पाठ होईल. पण शंभरच्या जागी दहा लिहिले तर कटर जॉब पकडणाऱ्या व्हाइसवर जाऊन आपटतो, आणि नुकसान हजारांत होते. कोणत्या धातूला किती वेग द्यायचा, कटर बोथट झाल्याचा आवाज कसा येतो, जॉब सैल बसला आहे की घट्ट, हे पडद्यावर दिसत नाही. ते यंत्रापाशी उभे राहूनच कळते.

हे यंत्र आले कोठून, तेही ऐका, कारण त्याचे मूळ मागात आहे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये ल्यों शहरात जॅकार्ड नावाच्या कारागिराने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला. कोणता धागा उचलायचा आणि कोणता नाही, हे पुठ्ठ्यावरची भोके ठरवत. पुढे अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांची गोलाई अचूक साधायची होती. त्यांच्या कल्पनेवरून एमआयटी या संस्थेने काम केले आणि १९५२ मध्ये भोके पाडलेल्या पट्टीवर चालणारे कापाईचे यंत्र दाखवले. विणकराच्या डोक्यातली नक्षी पुठ्ठ्यावर उतरली आणि लोखंड कापणाऱ्याच्या हातातले माप पट्टीवर उतरले.

आपल्या गावात काय झाले? सुताराच्या हातात तिफणीचे माप होते, लोहाराच्या हातात फाळाचे पाणी होते. ते कोणी कागदावर उतरवले नाही. म्हातारा गेला की माप गेले. आज पेरणी यंत्राची एक चकती फुटली तर ऐन वापशावर तालुका, जिल्हा असे फिरावे लागते. गावात कोणी व्हर्निअर लावून जुनी चकती मोजली, चित्र काढले आणि जिल्ह्याच्या गावी कापून आणली तर ती वेळ साधते. जिनिंगचे तसेच आहे. डबल रोलर यंत्रात चामड्याचा रोलर फिरतो, त्याला घासून एक स्थिर सुरी असते आणि दुसरी सुरी हलत राहून सरकी सोडवते. या सुऱ्यांचे अंतर बिघडले की रुई खराब होते, सरकी फुटते, आणि अखेर त्याची कपात आपल्याच भावातून होते. अशी कामे करणारा हात जिल्ह्यात असेल तर त्याला पोट भरायला पुण्याला जावेच लागेल असे नाही. जायचे तर खुशाल जावे, पण त्याने आपण होऊन ठरवलेले असावे.

तेव्हा फी भरण्याआधी पाच गोष्टी विचारा आणि डोळ्यांनी पाहा.

पहिली, यंत्र दाखवा. यंत्राचे चित्र नको. ते चालते का, किती पोरांमागे एक आहे, आणि माझ्या पोराच्या हाताने किती तास धातू कापला जाणार?

दुसरी, संगणकाआधी कानस, लेथ, व्हर्निअर, मायक्रोमीटर शिकवता का? मिलिमीटरचा शंभरावा भाग ज्याने हाताने मोजला नाही, त्याच्या चित्रातले माप कोरडेच राहते.

तिसरी, शिकवणारा कारखान्यात उभा राहिलेला आहे का?

चौथी, प्रमाणपत्र कोणाचे? राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आहे की संस्थेने स्वतः छापलेला कागद? शंका असेल तर जवळच्या आयटीआयत जाऊन विचारा.

पाचवी, मागल्या दोन वर्षांत शिकून गेलेली तीन पोरे कोठे कामाला आहेत? त्यांना गाठून बोला. नोकरीची हमी तोंडी असेल तर ती लेखी मागा.

याची उत्तरे देताना जो चिडेल, त्याच्याकडून उठून या.

आधी सरकारी दार ठोठावा. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. महाराष्ट्रात शासकीय आयटीआय चारशेहून अधिक आहेत आणि त्यांची फी खासगीपेक्षा पुष्कळ कमी असते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट किंवा ड्राफ्ट्समन झालेल्या पोराने नंतर कॅड-कॅम घेतले तर ते अंगी लागते. छत्रपती संभाजीनगरला केंद्र सरकारचे इंडो-जर्मन टूल रूम आहे, तेथे साचे आणि डाय बनवण्याचे शिक्षण मिळते. घरी सरावासाठी 'फ्रीकॅड' नावाची प्रणाली फुकट मिळते. चित्र काढायला शिकण्यासाठी कर्ज काढायची गरज नाही. पैसा लागतो तो यंत्रासाठी, म्हणून तुमची फी यंत्रावर खर्च होते की पाटीवर, ते पाहा. आणि हे मुलींनाही सांगा. आराखडा काढायला आणि मापे घ्यायला मनगटाचा जोर लागत नाही, नजर लागते.

शिकून झाल्यावर उमेदवारी. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमबदलानुसार ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. आपल्या जिल्ह्यातले कोणते कारखाने ते पाळतात, ही यादी आपण मागायला हवी.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. हल्ली भाव मागितला की सरकार कौशल्याचे नाव घेते. शेतीत तोटा होतो ना, मग पोराला यंत्र शिकवा, म्हणते. शिकवूच. पण ज्या घरात ज्वारी तोट्यात विकली जाते, त्या घरात फी भरायला पैसा येतो कोठून? कौशल्य हवे, ते भावाच्या बदल्यात नको. भाव मिळाला तर आमची पोरे हौसेने शिकतील, नाही मिळाला तर शिक्षणाच्या नावाने आणखी एक कर्ज सातबाऱ्यावर चढेल.

म्हणून या मेळाव्यात तीन ठराव मांडतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक आयटीआयत किती यंत्रे आहेत, त्यांतली किती चालू आहेत आणि शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे लेखी मागावे. शिकाऊ उमेदवार न घेणाऱ्या कारखान्यांची यादी जाहीर व्हावी. आणि प्रत्येक तालुक्यातून दोघांनी आपल्या भागातली तिफण, डवरा, पेरणीची चकती मोजून तिची मापे वहीत उतरवून पुढच्या बैठकीला आणावीत. पहिली दोन कामे सरकारकडून करून घ्यायची आहेत, तिसरे आपले आहे. ते उद्यापासून सुरू करता येते.

ठराव मान्य असतील तर हात वर करा.